कॅमेरा बंद ठेवण्याचा हक्क

माझ्या पहिल्या थेरपिस्टने मला एक गृहपाठ दिला होता. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, आणि दर आठवड्याला ते बघणं एकेका सेकंदाने वाढवत न्यायचं. मी तो गृहपाठ मन लावून केला. डोळ्यांत बघणं काही जमेना, म्हणून दोन भुवयांच्या मधोमध बघायला शिकले. मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे, मग नजर टेबलावरच्या पेनकडे, मग पुन्हा भुवयांकडे. आकडे मोजत असताना समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरायचं नाही. पण बाहेरून ते बरं दिसत असावं, कारण दोन महिन्यांनी माझ्या फाइलमध्ये 'चांगली प्रगती' असं लिहिलं गेलं. त्याच काळात घरी आल्यावर माझं बोलणं बंद पडायचं. बोलायची इच्छा नसायची असं नाही. शब्द तोंडापर्यंत पोचायचेच नाहीत. फाइलमध्ये हे कुठेच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं आणि मला कुणी विचारलंही नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, वयाच्या ३८व्या वर्षी, मला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष टिकवणं, वेळ सांभाळणं अवघड करणारी मेंदूची ठेवण) या दोन्हींचं निदान झालं. तोवर चिंता, नैराश्य आणि 'स्वभावच तसा' यांवर भागवलं गेलं होतं. माझ्या पिढीतल्या अनेकांची हीच कथा आहे, आणि त्याला कारणंही आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची डीएसएम ही निदानाची नियमावली जगभर वापरली जाते. तिची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. तोपर्यंत एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं देण्याला तिच्यात जागाच नव्हती. आवाज, प्रकाश, स्पर्श, वास यांचा अतोनात त्रास होणं हेही ऑटिझमच्या निकषांत त्याच आवृत्तीत आलं. म्हणजे ज्या गोष्टीने आमचे दिवसच्या दिवस खाल्ले, तिला नियमावलीत नाव मिळेपर्यंत आम्ही चांगले घोडे झालो होतो. आमच्या वाट्याला निदान आलं नाही, विशेषणं आली. घुमी, धांदरट, विसरभोळी, एकलकोंडी, हट्टी, आणि सगळ्यांत जास्त वेळा, आळशी.

अशा प्रौढांना मानसिक मदत हवी असते. ती कशी द्यायची आणि कुठे द्यायची, हा आता सार्वजनिक प्रश्न आहे, कारण निदान झालेल्या प्रौढांची संख्या वाढते आहे आणि ऑनलाइन थेरपी सर्रास सुरू झाली आहे. माझं म्हणणं असं आहे की न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ऑटिझम किंवा एडीएचडीसारखी वेगळ्या ठेवणीची मेंदूरचना असलेल्या, प्रौढांसाठी ऑनलाइन थेरपी ही नाइलाजाची सोय मानू नये. आमच्यातल्या पुष्कळांना तीच खरी मानवते. पण थेरपीचा हेतू बदललेला नसेल, तर हीच ऑनलाइन थेरपी क्लिनिकमधल्या थेरपीपेक्षा जास्त इजा करू शकते. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि पहिली मान्य करणारे बहुतेक जण दुसरीकडे बघतच नाहीत.

आधी हेतूबद्दल. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९ लहान ऑटिस्टिक मुलांना आठवड्याला ४० तास शिकवून त्यांतली ९ मुलं 'नॉर्मल' पातळीला आली, असा त्यात दावा होता. यश कशाला म्हणायचं, तर मूल इतर मुलांत मिसळून ओळखू येईनासं झालं की. त्या मुलाला आतून काय वाटतं हे मोजपट्टीवर नव्हतंच. ही मोजपट्टी पुढे कित्येक दशकं टिकली, आणि मुलांकडून ती मोठ्यांच्या थेरपीतही आली. माझा डोळ्यांत बघण्याचा गृहपाठ तिथूनच आलेला होता, देणारीला ते ठाऊक असो वा नसो.

असं ओळखू न येण्यासाठी स्वतःला लपवत राहण्याला आमच्यात मास्किंग म्हणतात. हात हलवायचे नाहीत, एकच विषय लावून धरायचा नाही, विनोद कळला नाही तरी हसायचं, हॉटेलातल्या गोंगाटाने डोकं फुटत असलं तरी शेवटपर्यंत बसायचं. वर्षानुवर्षं हे केल्यावर माणूस आतून रिता होतो. त्याची किंमत किती, हे कळायला एक आकडा पुरे. लॅन्सेट सायकिॲट्री या नियतकालिकात २०१४ साली इंग्लंडमधला एक अभ्यास आला. प्रौढपणी ॲस्पर्जरचं (ऑटिझमच्याच एका प्रकाराचं) निदान झालेल्या साडेतीनशेहून अधिक लोकांपैकी ६६ टक्के लोकांनी सांगितलं होतं की त्यांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊन गेले आहेत. त्यातल्याच काही संशोधकांनी २०१८ साली मास्किंग आणि आत्महत्येची प्रवृत्ती यांचा संबंध दाखवला. हे वाचल्यावर एखाद्या प्रौढाला आणखी चांगलं मास्किंग शिकवणाऱ्या उपचाराला उपचार कसं म्हणायचं, हे मला खरंच कळत नाही.

अफर्मिंग थेरपी म्हणतात ती इथून वेगळी होते. माणसाचा मेंदू आहे तसा मान्य करून ती सुरुवात करते. त्याला दुरुस्त करायला ती बसलेली नसते. त्याला जगायला कुठे त्रास होतो, त्यातला किती त्रास भोवतालच्या रचनेतून येतो आणि किती जुन्या जखमांमधून, हे ती त्याच्यासोबत शोधते. ऑटिस्टिक कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी १९९३ साली टोरोंटोच्या परिषदेत पालकांना हेच सांगितलं होतं: ऑटिझम काढून बाजूला ठेवता येईल असं माणसावर चढलेलं काही नसतं, तो माणसाच्या असण्यातच असतो.

मराठीत आपण ऑटिझमला स्वमग्नता म्हणतो. हा शब्द वाईट हेतूने आलेला नाही. मूळ शब्दातल्या ग्रीक 'ऑटोस'चा अर्थही 'स्व' असाच आहे. पण शब्द ऐकला की चित्र उभं राहतं ते स्वतःतच बुडालेल्या, दुसऱ्याशी देणंघेणं नसलेल्या माणसाचं. संवाद तुटला तर दोष त्याचा, हे त्या शब्दातच ठरून गेलेलं आहे. ब्रिटनमधले समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ साली हा हिशेब उलटून पाहिला. समजून घेण्यातली अडचण दोन्ही बाजूंची असते, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला तुम्ही कळत नाही, तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. २०२० साली एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी हे कानगोष्टींच्या खेळासारखं तपासलं. आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या आणि पहिल्याला एक गोष्ट सांगितली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. थेरपीची खोली ही बहुतेक वेळा दोघांची मिश्र साखळीच असते, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

त्या खोलीत काय होतं बघा. हाताची घडी घातली की 'बचावात्मक'. खाली बघितलं की 'टाळाटाळ'. एडीएचडी असलेला माणूस पंधरा मिनिटं उशिरा आला की 'उपचाराला विरोध'. वेळेचा अंदाज न येणं ही ज्याच्या मेंदूची मूळ अडचण आहे, त्याच्या उशिरात मनाची गाठ शोधत बसायची. ट्यूबलाइटची घरघर, बाहेरच्या खोलीतलं बोलणं, अनोळखी अत्तराचा वास, येतानाचा प्रवास, हे सगळं सोसून माणूस खुर्चीत बसतो तेव्हा त्याची अर्धी शक्ती संपलेली असते. उरलेल्या अर्ध्या शक्तीत त्याने आपलं बालपण उलगडून दाखवावं अशी अपेक्षा असते.

घरून थेरपी घेताना हे ओझं बरंच उतरतं. दिवा मंद करता येतो. हात मोकळे असतात, येरझाऱ्या घालता येतात. वेळेच्या दहा मिनिटं आधी फोनवर लिंक येते. आणि मुख्य म्हणजे लिहिता येतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑटिस्टिक प्रौढांसाठी २०१२ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत थेरपिस्टना स्पष्ट सांगितलं आहे की लेखी आणि चित्ररूप माहिती वापरा, अलंकारिक आणि संदिग्ध बोलणं टाळा, मधे विश्रांती द्या, त्या माणसाच्या आवडीच्या विषयाला जागा द्या. क्लिनिकमध्ये यासाठी वेगळी तयारी लागते. पडद्यावर यातलं बरंचसं हाताशीच असतं. आणि लेखी संवाद आमच्यासाठी नवा नाही. नव्वदच्या दशकात ऑटिस्टिक माणसं एकमेकांना सापडली ती मुख्यतः इंटरनेटवरच्या लेखी गप्पांत. न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे माणसांच्या मेंदूंतलं वेगळेपण स्वाभाविक मानण्याची कल्पनाही त्याच गप्पांत घडत गेली आणि १९९८च्या सुमारास छापील लेखनात आली. ज्यांना समोरासमोर बोलताना धाप लागते, त्यांच्यासाठी लेखी शब्द हे माहेर आहे.

माझ्या आत्ताच्या थेरपिस्टने पहिल्याच ई-मेलमध्ये विचारलं होतं, "कॅमेरा, नुसता आवाज की टाइप करून? तिन्ही चालेल. मधेच बदलावंसं वाटलं तरी चालेल." मी टाइप करणं निवडलं. तिसऱ्या सत्रात तिने लिहिलं, "परवा बहिणीच्या घरून तुम्ही एकदम ओरडून उठून गेलात, तेव्हा शरीरात काय होत होतं?" काय वाटलं, असं तिने विचारलं नाही. ऑटिस्टिक लोकांपैकी सुमारे निम्म्या लोकांना स्वतःच्या भावना ओळखणं आणि त्यांना नाव देणं अवघड जातं, हे तिला माहीत होतं. मी लिहिलं, "मला राग आला." खोडलं, कारण हे माझं नेहमीचं उत्तर होतं, सगळ्यांना पटणारं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. तिच्या बाजूने एकच ओळ आली होती: "मी आहे. घाई नाही." अकरा मिनिटांनी मी पाठवलं, "राग आला नव्हता. टीव्ही चालू होता, मुलं किंचाळत होती आणि सगळे एकदम बोलत होते. कान दुखत होते." आणि ते वाक्य पडद्यावर तसंच राहिलं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. आयुष्यभर ज्याला मी माझा तापट स्वभाव म्हणत आले, ते दुखणं होतं. समोरासमोर अकरा मिनिटं गप्प बसायची माझी छाती झाली नसती. पाचव्या सेकंदाला मी "राग आला" म्हणून मोकळी झाले असते आणि पुढची तीन सत्रं रागावर ताबा ठेवण्याची तंत्रं शिकत बसले असते.

म्हणूनच दुसऱ्या बाजूबद्दल मला जास्त काळजी वाटते. मास्किंग करणाऱ्या माणसाकडे मुखवटा उतरवायची एकच जागा असते, ती म्हणजे त्याची खोली. ऑनलाइन थेरपी थेट त्या खोलीत येते. येणारी व्यक्ती जर "कॅमेरा चालू ठेवा, नाहीतर तुम्ही खरंच सहभागी आहात का ते मला कसं कळणार" असं म्हणत असेल, "हाताशी चाळा नको" म्हणत असेल, तर ती शेवटची जागाही गेली. क्लिनिकमधून निदान घरी परतता तरी येत होतं. त्यात व्हिडिओ कॉलवर स्वतःचाच चेहरा सतत दिसत असतो, म्हणजे आरसा समोर ठेवून तासभर अभिनय. स्टॅनफर्डचे संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली, त्यांत इतक्या जवळून सतत नजरेला नजर असणं आणि स्वतःला पाहत राहणं ही दोन्ही आहेत. ती सगळ्यांसाठी सांगितली होती. आमच्यासाठी त्यांचं वजन किती होत असेल? म्हणून कॅमेरा बंद ठेवणं ही थेरपिस्टने मोठ्या मनाने दिलेली सवलत असता कामा नये. तो हक्क असायला हवा, आणि त्याचं कारण विचारलं जाऊ नये.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप थेरपिस्टच घेतात, आणि तो प्रामाणिक असतो. घरी बसून, कॅमेरा बंद करून माणूस टाळायलाच शिकेल; भीतीला सामोरं गेल्याशिवाय ती जात नाही. भीतीच्या बाबतीत हे खरं आहे. लिफ्टची भीती असलेला माणूस लिफ्टमध्ये चढतो, लिफ्ट कोसळत नाही, मेंदूचा अंदाज खोटा ठरतो आणि भीती उतरते. पण ज्याला गर्दीच्या आवाजाने वेदना होते, तो गर्दीत जातो तेव्हा वेदना होतेच. दर वेळी होते. त्याचा अंदाज दर वेळी खराच ठरतो. मग तो शिकतो काय? वेदना लपवायला. चांगल्या थेरपिस्टला भीती आणि वेदना वेगळ्या काढता आल्या पाहिजेत, कारण माझ्यासारख्या माणसात दोन्ही असतात, एकमेकींत गुंतलेल्या. मला फोन करायची भीती वाटायची आणि ती मी थेरपीत, एकेक फोन करतच, बरीच कमी केली. टीव्हीच्या आवाजाचं तसं झालं नाही. तिथे कानात घालायचे प्लग लागले.

दुसरा आक्षेप असा की अफर्मिंग म्हणजे नुसतं गोंजारणं, तुझं सगळं बरोबर आहे असं म्हणत राहणं. असं करणारे असतीलही. पण त्या कान दुखण्याच्या सत्रानंतरच्या आठवड्यात माझ्या थेरपिस्टने लिहिलं होतं, "आवाजाचा त्रास खरा होता. ताईला लागलं तेही खरं आहे. तिला काय सांगायचं ते ठरवू या का?" मला त्या दिवशी हे नको होतं. तरी आम्ही ठरवलं. मी ताईला मेसेज लिहिला, माफी मागितली आणि पहिल्यांदा कानांचं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस?" मेंदू मान्य करणं आणि वागण्याची जबाबदारी घेणं यांत भांडण नाही. एडीएचडीसाठी औषध घेण्यातही नाही. मी घेते, आणि त्यामुळे मी कमी 'मी' झालेले नाही.

सगळ्यांना ऑनलाइन जमेल असं मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात मारहाण आहे, किंवा दार लावून बोलता येईल अशी खोलीच नाही, त्याला क्लिनिकची खोलीच सुरक्षित वाटेल. जीवावर बेतलेल्या प्रसंगी शेजारी प्रत्यक्ष माणूस लागतो. काहींना पडद्यावरचं लक्ष टिकत नाही. त्यांच्यासाठी क्लिनिकं उघडी हवीत, आणि मंद दिव्यांची, शांत हवीत.

माहितीच्या सुरक्षिततेबद्दल मात्र सहज पुढे जाता येणार नाही. फिनलंडमधल्या व्हास्तामो या मानसोपचार केंद्रांच्या साखळीच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० साली हजारो रुग्णांना थेट खंडणीच्या ई-मेल आल्या: पैसे द्या, नाहीतर तुमच्या नोंदी जगजाहीर करू. २०२३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावले. ग्राहकांची आरोग्याबाबतची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याचा तिच्यावर आरोप होता. ज्याने आपलं निदान नोकरीच्या ठिकाणी सांगितलेलं नाही, त्याच्यासाठी ही माहिती फुटणं म्हणजे काय, याची कल्पना करा. आणि टाइप केलेलं सत्र म्हणजे शब्दन् शब्द नोंदवलेलं सत्र. मी ज्या सोयीची बाजू मांडते आहे तिच्यातच हा धोका आहे. नोंदी कुठे राहतात, किती काळ राहतात, कोण वाचू शकतं आणि मी सांगितल्यावर पुसल्या जातात का, हे पहिल्या सत्राआधी साध्या भाषेत लिहून मिळालं पाहिजे. कायद्याने मिळालं पाहिजे.

'अफर्मिंग' हा शब्द आता जाहिरातींतही दिसू लागला आहे, म्हणून निवडताना मी काय विचारलं ते सांगते. मी विचारलं, "तुमच्याकडे येणारा माणूस सुधारला हे तुम्ही कशावरून ठरवता?" एकीने सांगितलं, "तो लोकांत सहज मिसळू लागला की." तिच्याकडे मी गेले नाही. आत्ताच्या थेरपिस्टने उलट विचारलं, "तुम्हाला कशावरून कळेल?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ते शोधायला चार महिने लागले: संध्याकाळी घरी आल्यावर बोलता येणं.

थेरपिस्टना परवाना देणाऱ्या परिषदा आणि विमा कंपन्या ऑनलाइन थेरपीचे नियम आखतात तेव्हा चर्चा व्हिडिओभोवतीच फिरते. आवाजाचं आणि टाइप केलेलं सत्र पूर्ण सत्र म्हणून धरलं जावं, त्याचे पैसे तितकेच मिळावेत, आणि प्रौढांमधला ऑटिझम आणि एडीएचडी हा प्रशिक्षणाचा सक्तीचा भाग असावा, शिकवणाऱ्यांत स्वतः न्यूरोडायव्हर्जंट असलेले थेरपिस्ट असावेत. असे थेरपिस्ट आहेत. त्यांतले कित्येक जण आपल्याच सहकाऱ्यांसमोर मास्किंग करत बसलेले आहेत. हे नियम ठरवायला बसाल तेव्हा आम्हालाही बोलवा. आणि त्या बैठकीत कुणाला बोलायला जमलं नाही, तर त्याला टाइप करू द्या आणि त्याचं लिहून होईपर्यंत थांबा.